कोणाच्या हाती कोणता ब्रश?

“डॉक्टर, याला साधाच ब्रश ठेवू की बॅटरीचा घेऊ?”

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला घेऊन आईवडील दंतवैद्याकडे गेले की हा प्रश्न बहुधा निघतोच. त्याआधी घरी बरंच काही होऊन गेलेलं असतं. ऑनलाइन मागवलेला रंगीत ब्रश मुलाने चावून चपटा केलेला असतो. गाणं म्हणणारा ब्रश सुरू केला की मूल कानांवर हात ठेवून बाथरूमबाहेर पळतं. आणि गावाहून आलेल्या आजींचं म्हणणं असतं, “अगं, बोटानं मंजन लाव की. आम्ही नाही का लावत होतो?”

बंगळूरच्या पूर्वेला व्हाइटफील्डमध्ये, मेट्रोच्या नल्लूरहळ्ळी स्थानकाच्या परिसरात, वैदेही इन्स्टिट्यूट ऑफ डेंटल सायन्सेस हे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो आणि दिव्यांग मुलांच्या दातांची काळजी हा तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाचाच भाग असतो. देशभरातल्या अशा विभागांतले तरुण डॉक्टर विशेष शाळांमध्ये जाऊन दोन-तीन प्रकारच्या ब्रशांची तुलना करतात. पालकांचा प्रश्न त्यांच्या प्रबंधाचा विषय होतो तो असा.

व्हाइटफील्डसारख्या भागात या प्रश्नाला आणखी एक धार असते. पुण्या-नाशिकहून, नागपूरहून नोकरीसाठी आलेली जोडपी इथे दोघांच्या बळावर संसार करतात. सकाळी शाळेची बस, मग ऑफिसची. विशेष मूल असलेल्या घरात तर प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागतो, आणि दात घासण्याच्या वाट्याला येतात दोन-तीन मिनिटं. त्या मिनिटांत जास्तीत जास्त काम करून देणारा ब्रश कोणता, हा पालकांचा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर मिळू शकतं, फक्त ते दुकानाच्या फळीवर तयार मिळत नाही. त्यासाठी आधी दातावर काय साचतं तिथपासून सुरुवात करायला हवी.

१. घासायचं असतं ते नेमकं काय?

दातांवर अन्न अडकतं आणि ते काढायला ब्रश लागतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी. अन्नाचे कण चूळ भरूनही बरेचसे निघतात. चूळ भरून जात नाही तो जिवाणूंचा पातळ, चिकट थर. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. पाण्याचा माठ बरेच दिवस आतून घासला नाही तर त्याच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो. कितीही पाणी ओतून हिंदकळलं तरी तो हलत नाही, हात फिरवला की सुटतो. प्लाकचं तसंच आहे. तो घासूनच काढावा लागतो, आणि काढला तरी काही तासांत पुन्हा धरू लागतो.

हा थर तसाच राहिला तर काय होतं, हे १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत त्यांतल्या प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगात पालकांसाठी मोठा दिलासा आहे. हिरडीची सुरुवातीची सूज उलटवता येते आणि त्यासाठी महागडं औषध लागत नाही. मात्र सूज वर्षानुवर्षं राहिली, तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं, आणि ते आपोआप भरून येत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांना याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत शरीराची प्रतिकारयंत्रणा थोडी वेगळी चालते, त्यामुळे हिरड्यांचा आजार लहान वयात सुरू होतो आणि वेगाने वाढतो. फिट्सवर फेनिटॉइन हे औषध घेणाऱ्या काही मुलांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुलं घास बराच वेळ गालात धरून ठेवतात. रात्री झोपताना दिलं जाणारं औषधाचं गोड सिरप दातांवर तसंच राहतं. ज्या तोंडाला सफाईची सर्वांत जास्त गरज असते, तिथेच ब्रश पोचवणं सर्वांत अवघड असतं.

२. दात घासणं हे एक काम नव्हे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमतेचं वर्णन दोन भागांत केलेलं आहे: विचार करणं, शिकणं, प्रश्न सोडवणं यांतली लक्षणीय मर्यादा, आणि रोजच्या जगण्यातल्या सामाजिक व व्यावहारिक कौशल्यांतली मर्यादा. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद पंधरा लाखांवर होती. कायद्यातला दुसरा भाग वाचला की दात घासणं डोळ्यांसमोर येतं, कारण ते रोजच्या कौशल्याचं अगदी नेमकं उदाहरण आहे.

वरवर एकच काम दिसतं. मोडून पाहिलं तर ब्रश ओळखायचा, टोपण काढायचं, पेस्ट पिळायची, ब्रश योग्य बाजूने धरायचा, तोंड उघडं ठेवायचं, मनगट फिरवायचं, डावीकडून उजवीकडे जायचं, कुठे घासून झालं ते लक्षात ठेवायचं, थुंकायचं, कधी थांबायचं ते ठरवायचं. यातल्या निम्म्या गोष्टी बोटांच्या आहेत, निम्म्या लक्षाच्या आणि स्मरणाच्या. मनगट हलत असूनही क्रम विसरणारं मूल आणि क्रम पाठ असूनही मूठ न वळणारं मूल, यांना एकच ब्रश सुचवणं बरोबर होणार नाही.

इतर मुलांनाही हे काम नीट जमायला सात-आठ वर्षांचं व्हावं लागतं. स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येते का, ही दंतवैद्यांची आवडती खूण आहे. जी बोटं नाडी बांधतात ती ब्रश फिरवू शकतात. तोवर घासायचं काम मोठ्यांचं. ही खूण बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनाही लावावी, आणि ती वयाच्या आकड्याकडे न बघता लावावी. चौदा वर्षांच्या मुलाला नाडी बांधता येत नसेल तर त्याचे दात मोठ्यांनी घासण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता थोडं गणित. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात साधारण अठ्ठावीस दात असतात. पुढच्या बारा दातांना ब्रशने घासायच्या दोन बाजू: ओठांकडची आणि जिभेकडची. मागच्या सोळा दातांना तीन, कारण चावायचा पृष्ठभागही असतो. बारा दुणे चोवीस आणि सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, एकूण बहात्तर बाजू. दोन मिनिटं घासलं तर एका बाजूला सरासरी पावणेदोन सेकंदही येत नाहीत. ब्रश एका वेळी दोन-तीन दातांवर टेकतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी सवड मिळते. पण हिशेबाचा रोख तोच राहतो.

आता समजा, मूल पंचेचाळीस सेकंदांच्या पुढे तोंड उघडं ठेवतच नाही. मग एका बाजूला सेकंदाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी वेळ उरतो. ब्रश बदलून मुलाचा धीर वाढत नाही. पण त्या पंचेचाळीस सेकंदांत ब्रश किती बाजूंना पोचतो, हे बदलता येतं. ब्रशांची तुलना ज्या एका मुद्द्यावर व्हायला हवी, तो हा.

३. दुकानात आणि ऑनलाइन काय काय मिळतं

*साधा ब्रश.* नायलॉनच्या केसांचा ब्रश १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याआधी ब्रशांना डुकराचे राठ केस लावत. आज मुलासाठी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: केस मऊ, डोकं छोटं, दांडा जाड. पातळ दांडा ज्याला धरता येत नाही, त्याच्यासाठी दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवता येते किंवा फोमची नळी बसवता येते. मूठच मिटत नसेल तर तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात दांडा अडकवतात. ही सगळी कामं थोडक्या पैशांत होतात, आणि तरी ब्रश बदलायचा विचार करणारे फार थोडे पालक आधी दांडा बदलून पाहतात. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

*तीन डोक्यांचा ब्रश.* याला एकाऐवजी तीन बाजूंनी केस असतात. दातावर टेकवला की एक फळी ओठांकडून, दुसरी जिभेकडून आणि तिसरी वरून, असा तो दाताला तिन्हीकडून धरतो. डॉ. बार्मन यांच्या नावाने विकला जाणारा नॉर्वेतला सुपरब्रश या जातीचा. घासणाऱ्याला मनगट वळवून कोन बदलत बसावं लागत नाही, फक्त मागे-पुढे न्यायचं. वरच्या गणितात बहात्तर बाजूंच्या जागी अठ्ठावीस दात धरा. पंचेचाळीस सेकंदांत प्रत्येक दाताला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणजे साध्या ब्रशने पूर्ण दोन मिनिटांत एका बाजूला मिळतो जवळपास तेवढाच. उणी बाजूही आहे. डोकं मोठं असल्याने अगदी लहान तोंडात ते मावत नाही, दात वेडेवाकडे किंवा दाटीचे असतील तर नीट बसत नाही, आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये हा ब्रश सहसा मिळत नाही, मागवावा लागतो.

*विजेचा ब्रश.* याचा जन्म लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी ब्रॉक्सोडेंट नावाचा विजेवर चालणारा ब्रश केला. ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी तो होता. घरोघरी चैनीची वस्तू म्हणून तो नंतर पोचला. विचार सरळ होता: मनगटाचं काम मोटरने करायचं, माणसाने फक्त ब्रश जागेवर धरायचा. पण मोटर घरघरते, दातांतून कवटीपर्यंत थरथर पोचते. काही मुलांना ती थरथर इतकी आवडते की ती ब्रशची वाट बघतात. स्पर्शाला आणि आवाजाला अति संवेदनशील असलेल्या मुलांना, विशेषतः ऑटिझमही असलेल्यांना, तीच गोष्ट सहन होत नाही. कोणतं मूल कोणत्या बाजूचं, हे आधी सांगता येत नाही.

*चावायचा ब्रश, बोटाचा ब्रश.* चावायचा ब्रश ही लहानशी मऊ वस्तू असते. तोंडात टाकून चघळायची आणि थुंकायची. ज्या मुलाला गिळणं आणि थुंकणं यांवर ताबा नाही त्याच्या घशात ती अडकू शकते, म्हणून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बोटावर चढवायचा सिलिकॉनचा ब्रश पहिले दात येत असताना ठीक आहे. दाढा आलेल्या मुलाच्या तोंडात बोट घालणं धोक्याचं. काही मुलांचा जबडा दाताला काही लागताच आपोआप मिटतो; त्यांना चावायचं नसतं, तरी बोट सापडतं.

*यू आकाराचा ब्रश.* सगळ्या दातांवर एकदम बसणारा, काही सेकंदांत काम उरकणारा, अशी याची जाहिरात दिसते आणि थकलेल्या आईला तिचा मोह पडणं साहजिक आहे. पण दातांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, साचा मात्र एकच, म्हणून केस हिरडीच्या कडेपर्यंत पोचतच नाहीत. प्लाक तर तिथेच साचतो. २०२० मध्ये इटलीत झालेल्या एका छोट्या चाचणीत असा ब्रश वापरणं आणि न घासणं यांत फारसा फरक आढळला नाही. या ब्रशवर पैसे घालवू नयेत.

आजींच्या मंजनाचं काय? बोटाने हिरड्यांना मालीश होतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण बोट दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला पोचत नाही, भरड पूड दात झिजवते, आणि गिळण्यावर ताबा नसलेल्या मुलाला कोरड्या पुडीने ठसका लागू शकतो. मशेरीबद्दल तर बोलायलाच नको. ती जळलेली तंबाखू आहे.

४. दोन ब्रशांची तुलना कशी करतात?

कोणता ब्रश जास्त साफ करतो हे नुसतं डोळ्यांनी पाहून नेमकं सांगणं अवघड असतं, कारण प्लाकचा रंग दातासारखाच असतो. म्हणून संशोधक आधी रंग लावतात. एरिथ्रोसिनसारख्या लाल रंगाने प्लाक रंगतो, स्वच्छ दात रंगत नाही. मग गुण देतात. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी सिलनेस आणि ल्यो यांची १९६४ ची पद्धत वापरतात, आणि त्या पद्धतीला रंगाचीही गरज नसते. सहा ठरावीक दात घ्यायचे, प्रत्येकाच्या चार बाजू पाहायच्या आणि शून्य ते तीन गुण द्यायचे. शून्य म्हणजे प्लाक नाही. एक म्हणजे डोळ्याला दिसत नाही, पण टोकदार सळईने खरवडलं की तिच्यावर येतो. दोन म्हणजे दिसतो. तीन म्हणजे भरपूर. चोवीस नोंदींची सरासरी हा त्या मुलाचा आकडा.

उदाहरणादाखल समजा, एका मुलीचा आकडा २.० होता. साध्या ब्रशने घासल्यावर तो १.५ झाला, म्हणजे प्लाक पंचवीस टक्के घटला. पुढच्या आठवड्यात तीन डोक्यांच्या ब्रशने तो २.० वरून १.२ वर आला, म्हणजे चाळीस टक्के घट. तीन डोक्यांचा ब्रश जिंकला का? लगेच तसं म्हणता येत नाही. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्या आईचा हात बसला असेल. नवा ब्रश म्हणून मुलीने कुतूहलाने तोंड जास्त उघडलं असेल. तपासणीला कुणी येणार आहे हे ठाऊक असलं की सगळेच जास्त मन लावून घासतात. म्हणून चांगल्या चाचणीत अर्ध्या मुलांना आधी एक ब्रश देतात, अर्ध्यांना आधी दुसरा. मध्ये काही दिवस जाऊ देतात. मग अदलाबदल करतात. गुण देणाऱ्या डॉक्टरांना कुणी कोणता ब्रश वापरला ते सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुतेक बातम्यांत सुटते: घासलं कुणी? मुलाने स्वतः, आईने, की शाळेतल्या ताईंनी? याची नोंद नसलेली तुलना पालकांच्या काही उपयोगाची नाही. कारण पुढच्याच भागात दिसतं.

५. आजवरचे आकडे काय सांगतात?

जगभरच्या चाचण्या एकत्र तोलून निष्कर्ष काढणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये विजेच्या आणि साध्या ब्रशांच्या छप्पन्न चाचण्या पाहिल्या. विजेच्या ब्रशने पहिल्या एक ते तीन महिन्यांत प्लाक सुमारे ११ टक्के कमी राहिला, तीन महिन्यांनंतर २१ टक्के. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्क्यांनी कमी. जाहिरातींत विजेच्या ब्रशचं कौतुक होतं ते अशा आकड्यांच्या आधारावर. पण त्या चाचण्यांत दात घासण्यात अडथळा येईल असं अपंगत्व नसलेली माणसं घेतली होती. हे आकडे उचलून विशेष शाळेतल्या मुलाला लावता येत नाहीत.

त्या मुलांसाठी कोक्रेनचाच दुसरा आढावा आहे, २०१९ चा. बौद्धिक अक्षमता असलेली १,७९५ मुलं आणि मोठी माणसं, आणि त्यांची काळजी घेणारे ३५४ जण, अशा चौतीस अभ्यासांची त्यात छाननी झाली. निघालं ते असं. काळजीवाहक घासत असेल तर तीन डोक्यांचा सुपरब्रश साध्या ब्रशपेक्षा हिरड्यांची सूज अधिक कमी करतो असं दिसतं, बहुधा प्लाकही. मात्र हा फरक काही महिन्यांच्या हिशेबात दिसला, सुरुवातीच्या थोड्या काळात दोन्ही ब्रश सारखेच ठरले. विजेचा ब्रश स्वतः वापरा की दुसऱ्याने वापरा, काही महिन्यांच्या हिशेबात साध्यापेक्षा सरस ठरला नाही. आढावा घेणाऱ्यांनी हेही स्पष्ट केलं की यांतले बरेच अभ्यास लहान होते, त्यामुळे पुरावा पक्का म्हणता येणार नाही.

पुरावा कच्चा असला तरी त्याची दिशा पालकांच्या अनुभवाशी जुळते. हात न चालणाऱ्यांसाठी निघालेला विजेचा ब्रशही मुलाच्या तोंडात योग्य जागी धरून ठेवावाच लागतो, आणि तो कुठे कुठे न्यायचा हे मोटर सांगत नाही. क्रम विसरणाऱ्या मुलाची अडचण मनगटाची नसतेच. तीन डोक्यांचा ब्रश मोठ्यांच्या हाती चालतो, कारण क्रम मोठ्यांना ठाऊक असतो, त्यांना कमी पडतो तो वेळ, आणि हा ब्रश वेळ वाचवतो. ब्रश निवडताना पहिला प्रश्न म्हणून विचारायचा तो “घासणार कोण?”

६. मूल तसा ब्रश

मूल स्वतः घासू शकत असेल, हात चांगला चालत असेल आणि आई-बाबा फक्त लक्ष ठेवत असतील, तर साधा मऊ ब्रश, जाड दांड्याचा, पुरेसा आहे. वाचलेले पैसे दर तीन महिन्यांनी ब्रश बदलण्यात घालावेत. केस फाकलेला महागडा ब्रश नव्या स्वस्त ब्रशपेक्षा वाईट. अशा मुलाला गोल गोल घासायची पद्धत शिकवावी. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने ती प्रचारात आणली आणि लहान मुलांसाठी ती आजही सर्वांत सोपी मानली जाते. मुलाने घासून झालं की रात्री एकदा मोठ्यांनी हात फिरवावा.

मोठ्यांनाच घासावं लागत असेल आणि मूल जास्त वेळ देत नसेल, तर तीन डोक्यांचा ब्रश पहिला वापरून पाहावा. मुलाला समोर उभं करून घासू नये. त्याच्या मागे उभं राहावं किंवा सोफ्यावर बसून त्याला पुढ्यात घ्यावं, डोकं आपल्या छातीला टेकवावं, डाव्या हाताने हनुवटी धरावी. असं केलं की स्वतःचे दात घासताना हात जसा चालतो तसाच चालतो, आणि मुलाचं डोकंही स्थिर राहतं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचंही असंच, खुर्चीमागे उभं राहून.

जबडा घट्ट मिटणाऱ्या मुलासाठी दोन ब्रश घ्यावेत. एकाचा जाड दांडा एका बाजूच्या दाढांत चावायला द्यावा, दुसऱ्याने दुसरी बाजू घासावी. हे आधी दंतवैद्याकडून प्रत्यक्ष करून बघून घ्यावं.

आवाज आणि थरथर आवडणाऱ्या मुलाला विजेचा ब्रश जरूर द्यावा, भले तो जास्त साफ करत नसला तरी. ब्रश पाहून हसणारं मूल दोन मिनिटं तोंड उघडं ठेवत असेल, तर हिशेबात तोच ब्रश चांगला. मात्र तो आणल्या दिवशीच तोंडात घालू नये. आधी नुसता चालू करून टेबलावर ठेवावा, मग मुलाच्या तळहाताला लावावा, गालाला, ओठाला. दंतवैद्यांच्या खुर्चीत १९५९ पासून चालत आलेली एक रीत आहे: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. ती घरातही चालते.

पेस्टबद्दल थोडक्यात. फ्लोराइडची पेस्ट हवी. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. थुंकता न येणाऱ्या मोठ्या मुलालाही अगदी थोडी लावावी आणि फेस ओल्या कपड्याने टिपून घ्यावा.

७. ब्रशपेक्षा हाताला शिकवणं

महाराष्ट्रात विशेष शाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईत वकील दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू केली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी कामायनी उभी केली. महाराष्ट्राबाहेर, सिकंदराबादला १९८४ मध्ये बौद्धिक अक्षमतेसाठी राष्ट्रीय संस्था आली आणि तिने घरगुती कौशल्यं शिकवण्याच्या साध्या पुस्तिका काढल्या. या शिकवण्याचा गाभा एकच: मोठं काम तोडून लहान पायऱ्या करायच्या आणि एका वेळी एकच पायरी शिकवायची.

बरेच शिक्षक उलटीकडून सुरुवात करतात. सगळं आपण करायचं आणि शेवटची पायरी मुलावर सोडायची. ब्रश धुऊन पेल्यात ठेवणं फक्त त्याचं. ते जमलं की त्याच्या आधीचं, चूळ भरणं. मग खालचे पुढचे दात. रोजचा कार्यक्रम पूर्ण करण्याचा मान मुलाला पहिल्या दिवसापासून मिळतो, म्हणून ही रीत चालते. पायऱ्यांची चित्रं आरशाशेजारी चिकटवली तर क्रम लक्षात ठेवण्याचा भार कमी होतो. मोबाईलवर मुलाचे स्वतःचे फोटो काढून लावले तर आणखी चांगलं.

बंगळूरच्या मराठी घरात एक अडचण हमखास येते. आई म्हणते “आ कर”, शाळेत इंग्रजीत सांगतात, दवाखान्यातल्या सिस्टर कन्नडमध्ये. ज्या मुलाला एका सूचनेवर एक कृती बसवायलाच कित्येक आठवडे लागतात, त्याला तीन भाषांतल्या तीन सूचना म्हणजे तीन वेगळी कामं होतात. त्यामुळे शाळेतल्या ताईंशी बोलून शब्द एकच ठरवावा, किंवा शब्दासोबत एकच खूण ठरवावी: आपलं तोंड उघडून दाखवायचं आणि हनुवटीला हलका स्पर्श करायचा. डॉक्टरांनाही ती खूण सांगून ठेवावी.

प्रशिक्षणाबद्दल २०१९ च्या आढाव्यात उत्साहवर्धक पण मोजकं सांगितलं आहे. मुलांना स्वतः घासायला शिकवल्याने थोड्या काळात प्लाक थोडा कमी होतो. काळजी घेणाऱ्यांना शिकवल्याने त्यांची माहिती वाढते. फरक छोटा आहे, पण घासणं रोज, दोन वेळा, वर्षानुवर्षं चालणारं आहे.

८. घरच्या घरी चाचणी

कोणता ब्रश आपल्या मुलाला लागू पडतो, याचं शेवटचं उत्तर घरच्या बाथरूममध्येच मिळतं, आणि ते शोधण्याची पद्धत संशोधकांकडून उसनी घेता येते. दोन ब्रश निवडावेत. एक ब्रश दोन आठवडे वापरावा, मग दुसरा दोन आठवडे. घासणारी व्यक्ती, वेळ आणि बसायची जागा बदलू नये. प्रत्येक दोन आठवड्यांच्या शेवटी, रात्री घासून झाल्यावर, खाण्याच्या रंगाचा एक थेंब पाण्यात मिसळून कापसाच्या काडीने दातांना लावावा, घोटभर पाण्याने चूळ भरायला लावावी किंवा टिपून घ्यावं, आणि मोबाईलने फोटो काढावा. जिथे रंग राहिला तिथे ब्रश पोचला नाही. नवं खाद्य किंवा रंग चालत नसलेल्या मुलांच्या बाबतीत हे दवाखान्यातच करून घ्यावं.

फोटोसोबत दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: मुलाने किती सेकंद घासू दिलं आणि हिरडीतून रक्त आलं का. रक्त दिसलं की बरेच पालक तिथे ब्रश लावणं थांबवतात. सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं, आणि सूज उतरण्यासाठी नेमकं तिथेच हलक्या हाताने घासायचं असतं. आठवडा-दोन आठवडे नीट घासूनही रक्त येतच राहिलं, तर दातांवर कीट, म्हणजे कडक झालेला प्लाक, धरलेलं असू शकतं. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्यालाच काढावं लागतं. बहुतेक मुलांच्या फोटोंत रंग राहतो तो खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या शेवटच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. तुमच्या मुलाच्या फोटोतही तसंच दिसलं, तर उद्यापासून घासायची सुरुवात त्या दोन जागांपासून करावी, मुलाचा धीर ताजा असताना. आणि पुढच्या तपासणीला जाताना फोटो, सेकंदांची वही आणि दोन्ही ब्रश बरोबर न्यावेत.